रात्रीच्या आकाशातील अनोळखी प्रकाश आणि लष्करी अन्वेषण

१. प्रश्नाचे स्वरूप

रात्रीच्या आकाशात एखादा अनोळखी प्रकाश दिसल्याची वार्ता लष्करी ठाण्यावर येते, तेव्हा तेथील अधिकाऱ्यापुढे उभा राहणारा प्रश्न ज्योतिर्विदाच्या प्रश्नाहून मुळातच निराळा असतो. ज्योतिर्विद विचारतो, “हे काय आहे?” लष्करी अधिकारी विचारतो, “हे शत्रूचे तर नाही ना?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वर्षे लागली तरी बिघडत नाही. दुसऱ्याचे उत्तर त्याच रात्री, किंबहुना त्याच घटकेस द्यावे लागते. अनोळखी प्रकाशांच्या लष्करी चौकश्यांविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत जो वाद माजला, त्यातील बराचसा गोंधळ या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे उद्भवला आहे.

पहारेकऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका संभवतात. काही नसता धोक्याचा इशारा देणे ही एक, आणि धोका असता तो न ओळखणे ही दुसरी. संख्याशास्त्राच्या अभ्यासकांस परिकल्पनांच्या कसोटीतील दोन प्रकारच्या चुका परिचित आहेतच. येथे त्याच व्यवहारात उतरलेल्या दिसतात. उपलब्ध पुरावा तेवढाच राहिला, तर एक चूक कमी करू जाता दुसरी वाढते. लष्कराचा कल स्वभावतःच दुसरी चूक टाळण्याकडे असतो, आणि म्हणून पहिल्या प्रकारच्या चुका त्याच्या दप्तरी साचत जातात. विज्ञानाचा कल याच्या उलट असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन उदाहरणांचा विचार केला आहे: अमेरिकन वायुदलाने १९४७ ते १९६९ या काळात चालविलेली प्रदीर्घ चौकशी, आणि २०१२-१३ साली लडाखच्या सीमेवर भारतीय सैन्यास दिसलेले प्रकाश.

२. अमेरिकन वायुदलाची चौकशी

२४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकास नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या, आणि वृत्तपत्रांनी ‘उडती तबकडी’ हा शब्द रूढ केला. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. जर्मन अग्निबाणांचे तंत्र विजेत्या राष्ट्रांच्या हाती पडले होते, आणि सोव्हिएत रशियाने त्याचे काय केले असेल ही शंका अमेरिकन सेनाधिकाऱ्यांस अस्वस्थ करीत होती. तेव्हा या वार्तांची चौकशी सुरू झाली ती परग्रहावरील प्राण्यांच्या कुतूहलापोटी नव्हे, तर रशियाच्या धास्तीपोटी, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ओहायो राज्यातील डेटन येथील वायुदलाच्या तळावर १९४८ च्या आरंभी ‘साइन’ या नावाने हे काम सुरू झाले. १९४९ मध्ये त्याचे नाव ‘ग्रज’ असे झाले, आणि मार्च १९५२ पासून ते ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकन विद्यापीठांतील परीक्षांत उत्तरे लिहिण्यासाठी निळ्या वेष्टनाच्या वह्या देतात, त्यांवरून हे शेवटचे नाव पडले. ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक जे. ॲलन हायनेक हे प्रारंभापासून सल्लागार होते. कोणती वार्ता ग्रहताऱ्यांची वा उल्कांची आहे हे निवडून काढणे, हे त्यांचे मुख्य काम होते. हायनेक यांनी पुढे १९७२ साली अशा वार्तांचे जे वर्गीकरण केले, त्यातील पहिलाच वर्ग ‘रात्रीचे प्रकाश’ हा आहे. रात्री दिसलेल्या प्रकाशबिंदूला दृश्य आकार नसतो, त्याचे अंतर समजत नाही, आणि भोवती तुलनेस दुसरी वस्तू बहुधा नसते. म्हणून हा वर्ग संख्येने मोठा आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा आहे.

३. अंतर ठाऊक नसता

हा दुबळेपणा टेक्सास राज्यातील लबक या गावच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. २५ ऑगस्ट १९५१ च्या रात्री तेथील तांत्रिक महाविद्यालयाचे काही प्राध्यापक एका घराच्या अंगणात बसले असता वीस-तीस मंद प्रकाशांचा एक समूह त्यांच्या डोक्यावरून क्षणार्धात निघून गेला. पाहणारे अडाणी वा भाबडे नव्हते. भूशास्त्र आणि अभियांत्रिकी यांसारख्या विषयांत मुरलेली ती माणसे होती. पुढील काही दिवसांत त्यांनी हे प्रकाश पुन्हा पाहिले आणि त्यांचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३० अंश असल्याचा अंदाज केला.

या एका आकड्यावरून काय निष्पन्न होते? माथ्यावरून जाणाऱ्या वस्तूचा वेग म्हणजे तिची उंची आणि तिचा कोनीय वेग यांचा गुणाकार. प्रकाश ५० मीटर उंचीवर असतील, तर त्यांचा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. वेगाने उडणाऱ्या पक्ष्यास तो अशक्य नाही. उंची १,५०० मीटर धरल्यास वेग ताशी सुमारे २,८०० किलोमीटर होतो, आणि १५,००० मीटर धरल्यास सुमारे २८,००० किलोमीटर. तसे विमान तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. निरीक्षण एकच, पण गृहीत धरलेल्या उंचीनुसार तेच पक्ष्याचे ठरते किंवा अलौकिक यंत्राचे ठरते. प्राध्यापकांस याची पूर्ण जाणीव होती. दोन ठिकाणांहून एकाच वेळी कोन मोजून उंची काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला. परंतु ते मोजमापास सज्ज होऊन बसले असता प्रकाश काही आले नाहीत.

ब्लू बुकचे पहिले प्रमुख एडवर्ड रूपेल्ट यांनी स्वतः लबकला जाऊन चौकशी केली. टिटवीच्या कुळातील प्लोव्हर पक्ष्यांच्या पांढऱ्या पोटांवर रस्त्यावरील नव्या दिव्यांचा उजेड पडून हा देखावा निर्माण झाला असावा, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. रूपेल्ट यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र हे प्रकाश एका सामान्य नैसर्गिक घटनेमुळे दिसले एवढेच म्हटले, आणि ती घटना कोणती हे सांगण्याचे टाळले. लष्करी दृष्टीने प्रकरण येथे मिटले, कारण प्रकाश शत्रूचे नव्हते. शास्त्रीय दृष्टीने ते मिटले असे म्हणता येत नाही. जे स्पष्टीकरण इतरांस तपासता येत नाही, त्याला शास्त्रात स्पष्टीकरणाची प्रतिष्ठा नाही. मग ते खरे का असेना.

अंतराच्या अज्ञानात दृष्टिभ्रमाची भर पडते. काळोखात एखाद्या स्थिर प्रकाशबिंदूकडे काही वेळ टक लावून पाहिले, तर तो हलू लागल्याचा भास होतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १७९९ साली टेनेरिफ बेटावरून तारे असे डुलताना पाहिले, आणि त्यांना ती ताऱ्यांचीच गती वाटली. एकच तारा पाहणाऱ्या निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या दिशांची गती दिसते, असे पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळून आले आणि हा दोष ताऱ्याचा नसून दृष्टीचा आहे हे सिद्ध झाले. या आभासास ‘स्वयंगतिभास’ म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात रात्री पुढच्या विमानाचा दिवा पाहून उड्डाण करणारे वैमानिक याच भासाने फसत, म्हणून अमेरिकन आरमारी वैद्यकाने त्याचा मुद्दाम अभ्यास केला. तात्पर्य, प्रकाश “इकडून तिकडे वळला” अशी साक्ष पूर्णतः प्रामाणिक असूनही प्रकाशाविषयी काहीच सांगत नाही असे घडू शकते.

४. वॉशिंग्टनची रडारे आणि इशाऱ्यांचा पूर

डोळ्यांची साक्ष दुबळी असेल, तर यंत्राची साक्ष निर्णायक ठरेल असे वाटणे साहजिक आहे. जुलै १९५२ मधील घटनांनी ही अपेक्षाही डळमळीत केली. १९-२० आणि २६-२७ जुलै या दोन रात्री खुद्द अमेरिकेच्या राजधानीच्या विमानतळावरील रडारपटांवर अनोळखी ठिपके उमटले. जेट लढाऊ विमाने पाठविण्यात आली. काही वैमानिकांस काहीच आढळले नाही, तर एकाने दूरवर तेजस्वी प्रकाश दिसल्याचे आणि ते आपल्याला गाठता न आल्याचे कळविले. २९ जुलै रोजी मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकारांची जी परिषद बोलावली, ती महायुद्धानंतरची वायुदलाची सर्वांत मोठी परिषद मानली जाते. तीत ‘तापमान-विपर्यय’ हे संभाव्य कारण म्हणून सांगण्यात आले.

सामान्यतः उंचीबरोबर हवा थंड होत जाते. परंतु निरभ्र व निवांत रात्री जमीन लवकर निवते, आणि तिच्यालगतच्या थंड हवेवर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. अशा थरातून जाताना रडारचे तरंग खाली वाकतात आणि जमिनीवरील वस्तूंवरून परावर्तित होऊन येतात. यंत्र मात्र ते सरळ रेषेत गेले असे गृहीत धरून ती वस्तू आकाशात दाखविते. थर हलला की ठिपकाही हलतो. अमेरिकेच्या मुलकी विमानवाहतूक खात्याने १९५३ मध्ये केलेल्या अभ्यासात अशा ठिपक्यांच्या बहुतेक प्रसंगी तापमान-विपर्यय आढळून आला. रडार खोटे बोलत नव्हते. त्याच्या उत्तराचा अर्थ लावताना वातावरणाविषयीचे एक गृहीतक निमूटपणे स्वीकारले गेले होते.

या घटनांचा दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. चौकश्यांचा आणि वार्तांचा एवढा पूर लोटला की संदेशवहनाच्या नेहमीच्या मार्गांवर त्याचा ताण पडला. शत्रूने नेमक्या अशाच वेळी खरा हल्ला चढविला तर त्याचा इशारा या गर्दीत हरवून जाईल, ही भीती अमेरिकन हेरखात्यास वाटू लागली. जानेवारी १९५३ मध्ये त्या खात्याने भौतिकीविद एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे एक मंडळ बोलाविले. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले लुइस अल्वारेझ हे त्यात होते. राष्ट्राच्या सुरक्षिततेस या वस्तूंपासून प्रत्यक्ष धोका असल्याचा पुरावा नाही, परंतु त्यांच्याविषयीच्या वार्तांपासून मात्र धोका संभवतो, असा या मंडळाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. या विषयाभोवतीचे गूढतेचे वलय लोकशिक्षणाने दूर करावे, अशी शिफारस त्याने केली. पहिल्या प्रकारच्या चुका पुरेशा साचल्या की त्याच दुसऱ्या प्रकारच्या चुकीस जन्म देतात, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्टपणे मान्य झाली.

तथापि या शिफारशीची किंमतही मोजावी लागली. प्रत्येक वार्तेस काहीतरी कारण चिकटविण्याकडे चौकशीचा कल झुकला. ही घाई लोकांच्या नजरेतून सुटली नाही, आणि जो संशय दूर करावयाचा तोच बळावला.

५. अवशेषाचा अर्थ

ब्लू बुक १७ डिसेंबर १९६९ रोजी बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले. तत्पूर्वी एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली कोलोरॅडो विद्यापीठाने केलेल्या अध्ययनाचा निष्कर्ष असा होता की, एकवीस वर्षांच्या या खटाटोपातून शास्त्रीय ज्ञानात भर पडलेली नाही. एकूण १२,६१८ वार्तांपैकी ७०१ वार्ता, म्हणजे शेकडा साडेपाचांहून किंचित अधिक, अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. या ७०१ चा अर्थ काय, याविषयी दोन टोकांची मते आहेत. काहींच्या मते हाच परग्रहवासीयांचा पुरावा होय. इतरांच्या मते तो केवळ अपुऱ्या माहितीचा गाळ होय.

दुसरे मत मोहक असले तरी जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वायुदलाच्या सांगण्यावरून बॅटेल या संशोधनसंस्थेने ३,२०१ वार्तांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वार्तांची प्रत ठरवून त्यांचे उत्कृष्टापासून निकृष्टापर्यंत चार गट पाडले होते. अवशेष हा केवळ अपुऱ्या माहितीचा परिणाम असता, तर उत्कृष्ट गटात अनोळखी वार्तांचे प्रमाण कमी आढळावयास हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे सर्व गटांत अधिक निघाले.

या विरोधाभासाची उकल दोन बाबींत शोधावी लागते. एक तर या वर्गीकरणात ‘माहिती अपुरी’ असा स्वतंत्र वर्ग होता. निकृष्ट वार्ता तेथे जात, आणि म्हणून ‘अनोळखी’ या वर्गापर्यंत त्यांतील थोड्याच पोचत. दुसरे असे की, वार्तेची प्रत ठरविताना साक्षीदाराची विश्वसनीयता आणि कथनातील सुसंगती यांना महत्त्व होते. लबकचे प्राध्यापक दाखवून देतात त्याप्रमाणे साक्षीदाराची विश्वसनीयता आणि निरीक्षणाची मोजमापक्षमता या भिन्न गोष्टी आहेत. उत्तम साक्षीदार उंची न मोजता वेग सांगू शकत नाही. म्हणून ‘अनोळखी’ हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. वस्तू, नोंद आणि वर्गीकरणाचा नियम या तिघांच्या संबंधाचे ते नाव आहे. बॅटेलच्या अभ्यासकांनी त्या वार्तांतून अज्ञात तंत्रज्ञान सिद्ध होण्याची शक्यता अत्यल्प मानली, ते योग्यच होते. परंतु हा अवशेष शून्यावर आणता येईल ही अपेक्षाही तितकीच निराधार होती.

६. पँगाँग सरोवरावरील प्रकाश

लडाखच्या पूर्व सीमेवर हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहिला. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात भारतीय सैनिकांनी अनोळखी तेजस्वी वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा प्रत्यक्ष नियंत्रणरेषेचे उल्लंघन झाले असे मानण्यात आले. हे चीनचे टेहळणीचे ड्रोन असावेत, असा संशय होता. ज्या सीमेवर उभय सैन्ये समोरासमोर गस्त घालतात, तेथे उल्लंघनाचा प्रत्येक आकडा राजनैतिक तक्रारीचा आणि प्रसंगी बळाच्या वापराचा आधार होऊ शकतो. त्याच लडाखमध्ये देपसांग येथे एप्रिल-मे २०१३ मध्ये दोन्ही सैन्ये सुमारे तीन आठवडे एकमेकांसमोर ठाकली होती. त्या घटनेचा या प्रकाशांशी संबंध नव्हता. पण ते कोणत्या वातावरणात पाहिले जात होते, हे तिच्यावरून समजते.

नोव्हेंबर २०१२ मधील वृत्तांनुसार हे पिवळसर गोल क्षितिजावर उगवत आणि तीन ते पाच तास संथपणे आकाश ओलांडून दिसेनासे होत. रडारवर ते उमटत नसत; यावरून ते धातूचे नसावेत, असे अनुमान काढल्याचे त्या वृत्तांत होते. या अनुमानातील तर्क तपासण्यासारखा आहे. रडारचे मौन म्हणजे ‘धातू नाही’ किंवा ‘त्या अंतरावर काहीच नाही’ यांपैकी काहीही असू शकते. प्रकाश हा जवळची वस्तूच आहे, असे आधीच धरून चालल्यामुळे दुसरी शक्यता विचारातच घेतली गेली नाही. वॉशिंग्टनला रडारच्या होकाराचा जसा चुकीचा अर्थ लागला, तसा येथे त्याच्या नकाराचा लागला. प्रारंभीच्या पाहणीत ग्रहांची शक्यता नाकारली गेल्याचेही त्या वृत्तांत आले होते.

पुढे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. या वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरील, एवढेच ठरविण्याचे काम संस्थेचे ज्योतिर्विद तुषार प्रभू व त्यांचे सहकारी यांच्याकडे होते. वस्तूंची स्थाने ताऱ्यांच्या सापेक्ष नोंदविण्यात आली, आणि उत्तर मिळाले: एक वस्तू गुरू होती, दुसरी शुक्र.

या पद्धतीची शक्ती तिच्या साधेपणात आहे. ड्रोनला नक्षत्रांशी गती जुळवून चालण्याचे कारण नाही. ग्रहास दुसरी गतीच नाही. तो ताऱ्यांबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, आणि ग्रहाच्या उगवण्यातील फरकही आगाऊ गणिताने सांगता येतो. त्या हंगामात गुरू वृषभ राशीत होता आणि ३ डिसेंबर २०१२ रोजी तो सूर्यासमोर आला, म्हणजे संध्याकाळी उगवून रात्रभर दिसत होता. शुक्र पहाटेच्या पूर्वाकाशात होता. कोणत्याही घरगुती पंचांगात ही स्थाने छापलेली होती. सुमारे ४,२०० मीटर उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते, त्यामुळे प्रकाशाचे शोषण कमी होऊन ग्रह मैदानी प्रदेशापेक्षा अधिक तेजस्वी दिसतात. सपाट प्रदेशातून आलेल्या सैनिकास डोंगराच्या कडेवर उगवणारा असा गुरू परका वाटला, तर त्यात नवल नाही.

यात सैनिकांची थट्टा करण्यासारखे काही नाही. जे दिसले ते नोंदविणे हे त्यांचे कर्तव्य होते, आणि ते त्यांनी निष्ठेने पार पाडले. उणीव होती ती नोंदीच्या स्वरूपात. ३२९ हा आकडा ३२९ घटनांचा भासतो. वस्तुतः त्यात एकच ग्रह रात्रीमागून रात्री मोजला जात होता. नोंदींची संख्या वाढल्याने पुरावा वाढत नाही, कारण त्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात.

७. उपसंहार

हा प्रश्न आजही सुटलेला नाही, याची साक्ष फेब्रुवारी २०२३ मधील घटना देतात. त्या महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेने आपल्या भूमीवरून गेलेला चीनचा एक प्रचंड बलून पाडला. असे बलून पूर्वीही येऊन गेले होते आणि ते वेळीच ओळखले गेले नव्हते, हे त्यानंतर अधिकाऱ्यांनी मान्य केले. ही दुसऱ्या प्रकारची चूक. तेव्हा रडारची गाळणी अधिक सूक्ष्म करण्यात आली, आणि १० ते १२ फेब्रुवारी या तीन दिवसांत आणखी तीन वस्तू पाडण्यात आल्या. त्या बहुधा खासगी वा संशोधनाच्या निरुपद्रवी वस्तू असाव्यात, असे पुढे राष्ट्राध्यक्षांनीच सांगितले. ही पहिल्या प्रकारची चूक. उंबरठा खाली आणताच चुकीचा प्रकार बदलला. चूक नाहीशी झाली नाही.

केवळ दक्षता वाढवून किंवा केवळ संशय झटकून हा पेच सुटत नाही. दोन्ही चुका एकाच वेळी कमी करावयाच्या असतील, तर पुराव्याची प्रतच सुधारावी लागते. रात्रीच्या प्रकाशाच्या बाबतीत ही सुधारणा खर्चाची नाही. नेमकी वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, जवळच्या ओळखीच्या ताऱ्याशी असलेला संबंध, आणि शक्य तेथे दुसऱ्या ठिकाणाहून त्याच क्षणी घेतलेली तशीच नोंद, एवढ्या गोष्टी असल्या तर ज्योतिर्विदास बहुतेक प्रकरणांचा निर्णय बसल्या जागी करता येतो. उरलेल्यांविषयी ‘अनिर्णीत’ असे निःसंकोचपणे लिहिता येते, आणि त्या शब्दात धोका किंवा चमत्कार वाचण्याचे कारण राहत नाही. पँगाँगच्या काठी प्रकाश ताऱ्यांशी ताडून पाहिला गेला, तेव्हा सहा महिन्यांच्या संशयाचा उलगडा झाला. ती तुलना पहिल्या आठवड्यात करता आली असती.